बेडूक कापून काय करणार?



आमच्या चारकोपात हल्ली एक सवाल फार चालतो. पोरगी बारावी सायन्स झाली, नीट परीक्षेत नंबर लागला नाही, छोट्या कॉलेजात बी.एस्सी.ला झूऑलॉजी घेतलं. झालं! गल्ली विचारते, "बेडूक कापून काय करणार गं? टॅली शीक, चिकट कुठंतरी."

गल्लीचं समजू शकतो. पोट आहे. पण चळवळीतली पोरंही हेच बोलतात तेव्हा डोकं सटकतं. इतिहास आपला, समाजशास्त्र आपलं, कविता तर आपल्या बापाचीच. मग जीवशास्त्र कुणाचं? डॉक्टरांच्या पोरांचं?

मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो. तरी एवढं मला कळतं की जात पहिल्यांदा शरीराबद्दल खोटं बोलली. रक्त, बीज, जन्म, विटाळ. हे सगळे शब्द जीवशास्त्राच्या हद्दीतले. चोर जिथं शिरला तिथंच पकडायला पायजे.

9 मे 1916. पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला. ठणकावून सांगितलं की इथली माणसं वंशाने मिसळलेली आहेत आणि जातीचा प्राण आहे जातीतल्या जातीत लग्न. 2013 साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून मांडलं की साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी इथले गट एकमेकांत मिसळत होते, मग बेटीव्यवहाराची दारं बंद होत गेली. निबंधानंतर 97 वर्षांनी! म्हंजे शुद्ध रक्त नावाचा माल कुठल्याच गोदामात नाही. उलट दारं बंद केली की तेच लपलेले दोष आतल्या आत फिरतात आणि आईबाप दोघांकडून एकच दोष आला की पोर आजारी जन्मतं.

आता मॅनहोल घ्या. तिथं हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास. जास्त झाला की नाकच मारतो, वास येईनासा होतो. मग पेशीत शिरून प्राणवायू वापरायचं यंत्र बंद पाडतो. छाती भरून हवा घेतली तरी माणूस आतून गुदमरतो. पेपरात दोन ओळी येतात, 'गुदमरून मृत्यू'. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे, तरी आपली माणसं आत उतरवली जातात. पेशीचं श्वसन शिकलेली पोरगी ठेकेदाराला कोर्टात विचारील: उतरवण्याआधी वायू मोजला होतास का? भाषणाने जे होत नाही ते या एका सवालाने होईल.

छोट्या कॉलेजात सामान तोकडं. सूक्ष्मदर्शकापुढे रांग, जर्नलात मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवलेल्या आकृत्या. खरंय. पण चारकोपच्या पाठीला खाडी आहे. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतं, चिखलातून मुळं वर काढून श्वास घेतं. निवटी मासा असून चिखलावर चालते. कोळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, फक्त त्यांना कुणी प्राध्यापक म्हटलं नाही. 2005 साली मुंबई हायकोर्टाने तिवरं तोडायला बंदी केली. तोडलेलं झाड तिवरच होतं हे कागदावर सिद्ध करणारा आपल्यातला नको काय?

नोकरीचं म्हणाल तर बी.एस्सी.नंतर वाट लांब आहे, पैसे लागतात. म्हणून तर पोरीला एकटं सोडायचं नाही. तिची फी आणि जर्नलाचा खर्च हा मंडळाचा खर्च धरा.

आणि येत्या 14 एप्रिलला डीजेच्या भिंतीतली एक पेटी कमी करा. त्या पैशात सूक्ष्मदर्शक घ्या, विहारात ठेवा, चावी तिच्याकडे द्या. गल्लीतल्या एकेका पोराने गालाच्या आतल्या पेशी काचपट्टीवर घ्याव्यात, डोळा लावावा आणि जात शोधावी.

सापडली तर मला गोदीत येऊन सांगा.