खिशातली तिजोरी

दाभोळच्या घरांत आखातातल्या पगाराबरोबर आता क्रिप्टोचा विषयही येतो. मुले आम्हाला सांगतात, ‘हार्डवेअर वॉलेट घेतले की चिंता नाही.’ पेनड्राइव्हएवढ्या या यंत्रात नाणी नसतात. असते फक्त गुप्त चावी. तरीही १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्सचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले. सह्या करणाऱ्या तिघांकडे अशीच यंत्रे होती. कंपनीच्या सांगण्यानुसार, पडद्यावर दिसला एक व्यवहार, सही झाली भलत्यावर. म्हणून रक्कम आणि पत्ता यंत्राच्याच पडद्यावर स्पष्ट दिसायला हवा. कोऱ्या कागदावर आपण अंगठा देतो का? मग न वाचता बटण का दाबावे? यंत्र हरवले तर १२ किंवा २४ शब्दांची चिठ्ठीच पैसे परत मिळवून देते. तिचा फोटो फोनमध्ये नको; पण ती कुठे आहे, हे घरातल्या एका भरवशाच्या माणसाला ठाऊक असावे. नाहीतर कमावणाऱ्यामागे कमाईही जाते.