तारखेआधीची यादी



गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. ज्यांच्या बांध्या आणि उसाची वावरे त्यात गेली, त्यांच्यापैकी कित्येकांनी 1894 च्या जुन्या कायद्याच्या कलम 18 प्रमाणे वाढीव मोबदल्यासाठी दिवाणी न्यायालयाची वाट धरली. आपला समज असा, की जमीन सरकारने घेतली, कागद सरकारजवळ आहेत, आता न्यायाधीश पाहून घेतील. हा समज साफ चुकीचा आहे. पुण्याच्या जमिनीबाबत चिमणलाल हरगोविंददास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच सांगितले, की अशा कामात जमीनधारक वादीच्या जागी असतो. दर कमी दिला हे त्यानेच दाखवायचे. भूसंपादन अधिकाऱ्याच्या फायलीतला कागदसुद्धा न्यायालयात दाखल होऊन शाबीत झाल्याशिवाय कामाचा नाही.

दिवाणी कामात मुद्दे निघाले की पंधरा दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यावी लागते. चुकलात, तर कारण दाखवून परवानगी मागत बसा. कागदांचीही यादी लागते, आणि नुसता दाखल केला म्हणून कागदावर निशाणी पडत नाही.

आता उसाचे वावर घ्या. सात-बारावर ऊस लागला आहे काय, विहीर चढली आहे काय? पुष्कळांच्या उताऱ्यावर धानच लिहिलेले, आणि ऊस मात्र दरसाल काट्यावर येतो! मग काटापावत्या, उसाची बिले, कारखान्याच्या रजिस्टरचा उतारा आणि तो शाबीत करणारा शेतकी खात्याचा कारकून, हे सारे यादीत हवे. शेजारच्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल 1984 च्या दुरुस्तीमुळे पुराव्यात घेता येते. घेणाऱ्या-देणाऱ्याला बोलावलेच पाहिजे असे नाही. पण ते वावर आपल्यासारखेच होते, पाणी तसेच, रस्ता तसाच, हे कोण सांगणार? तिथे माणूसच लागतो, आणि असा जाणता माणूस बहुधा म्हातारा असतो. त्याचे नाव आधी लिहा.

वकीलसाहेब यादी करतील हे खरे. पण कोणत्या बांधीला कोणत्या बोडीचे पाणी होते, हे त्यांना कसे ठाऊक?

2014 पासून नवा कायदा आला, नवी प्रकरणे प्राधिकरणापुढे जातात. पुरावा मात्र आपणच द्यायचा आहे.

संचालक मंडळालाही माझे सांगणे आहे. सभासदाने मागितलेला ऊस पुरवठ्याचा उतारा आठ दिवसांत द्यावा. साक्षीला गेलेल्या कारकुनाची रजा कापू नये, हजेरी धरावी. आणि जुनी रजिस्टरे रद्दीत घालण्याआधी सभासदांना कळवावे.