टाचेचा हिशेब

आंतरशाखा सामन्यात तिसरी धाव काढायची मला अवदसा आठवली आणि टाचेमागची दोरी धरली. तिला शास्त्रात कंडरा म्हणतात, हे मागाहून कळले. आठ महिने ती काही सुटेना. "अहो, एकदा दाबून घ्या," शिपायापासून मॅनेजरपर्यंत साऱ्यांचा एकच सल्ला.

दाबणारे गृहस्थ बोटाने दोरीवर आडवे घासत. मी किंचाळलो की म्हणत, "गाठ सुटतेय!" सुटत होती ती माझ्या खिशाची. दर खेपेला पाचशे! दोन दिवस पाय हलका, तिसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना पुन्हा "आई गं!"

मालिशवर माझा राग नाही. राग आहे तो "तुम्ही नुसते पडून राहा" या वाक्यावर. १९९८ साली आल्फ्रेडसन या स्वीडिश डॉक्टराने १५ हौशी खेळाडूंचा प्रयोग छापला. पायरीवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा ताठ ठेवून १५-१५ च्या तीन फेऱ्या, वाकवून तीन, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. मी पडलो कॉमर्सवाला, गुणाकार केला. १५,१२० वेळा! कंडरेला ताकद अशी भरावी लागते, ती दुसऱ्याच्या बोटांतून येत नाही. गृहस्थांनी हे सांगितले नाही. मीही विचारले नाही म्हणा. पाचशे रुपयांत पडून राहायला मिळत असताना जिना कोण शोधतो?

आज चाळिसावा दिवस. कठडा धरून टाच सोडत होतो, तर वरच्या मजल्यावरचे काका थांबले.

"काय हो, किल्ली विसरलात?"