झाकलेले कर्ज आणि उघडी नादारी

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी निकाल दिला, "मराठी माणूस उपाशी राहील, पण नादारीचा अर्ज करणार नाही!" सर्वांनी माना डोलाविल्या. आमचीही डोलली असती. परंतु शेजारी आमचे एक सहकारी खाली मान घालून बसले होते. बहिणीच्या लग्नासाठी सावकाराचे कर्ज, ते फेडण्यासाठी पतपेढीचे, पतपेढीचे हप्ते भरण्यासाठी क्रेडिट कार्डाचे, अशी त्यांची सात वर्षांची साखळी आम्हांस ठाऊक होती. मुद्दल तसूभरही हललेले नाही. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कर्ज झाकणे म्हणजे अब्रू आणि ते न्यायालयापुढे मांडणे म्हणजे बेअब्रू, हे समीकरण आले कोठून? आमच्या परंपरेत तर ते नाही. दामदुपटीच्या नियमाने सावकारास एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नसे. १८७५ मध्ये सुप्यास शेतकऱ्यांनी कर्जरोख्यांची होळी केली. १८७९ च्या कायद्याने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. ऋण फेडावे, हे आमच्या पूर्वजांस मान्य होते. ते अनंत असावे, हे मान्य नव्हते.

नादारी म्हणजे कर्ज बुडविणे, हाही भ्रमच. मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांस १९०९ चा आणि अन्यत्र १९२० चा कायदा लागू आहे. अर्जदारास आपली मालमत्ता व सर्व धनको न्यायालयास कळवावे लागतात. ती मालमत्ता धनकोंत वाटण्यासाठी न्यायालयाच्या ताब्यात जाते. वर्तनात लबाडी दिसल्यास मुक्ततेचा हुकूम नाकारता येतो. सरकारी देणे व कपटाने केलेले कर्ज तर मुक्ततेनंतरही सुटत नाही. हे पळून जाणे नव्हे, हिशेब देणे आहे.

कोणी म्हणेल, नोकरीचे काय? १९६४ च्या वर्तणूक नियमांतील सतरावा नियम पाहावा. तेथे सवयीची कर्जबाजारी अवस्था आणि नादारी एकाच वाक्यात टाळावयास सांगितल्या आहेत. वसुलीचा अथवा नादारीचा दावा लागल्यास तो वरिष्ठांस कळविणे बंधनकारक आहे. नादारी उधळपट्टीने नव्हे, तर न टाळता येण्याजोग्या परिस्थितीने ओढवली, हे सिद्ध करण्याचा भार नोकरावर आहे. भार जड आहे खरा. परंतु दहा वर्षे लपविलेले कर्ज तो हलका करीत नाही. शिवाय, सामान्य हुकूमनाम्याच्या वसुलीत पगारातील पहिले हजार रुपये व उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्त होत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीस तर हात लागत नाही. ऐपतच नसलेल्या ऋणकोस केवळ कर्जापायी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले. हे ठाऊक नसल्यामुळेच आमचे सहकारी दारावरील थाप ऐकून दिवा मालवितात.

एका मुद्द्यावर मात्र आम्ही त्या वडीलधाऱ्यांच्याच बाजूचे आहोत. ऋणकोच्या मुक्ततेने जामीनदार सुटत नाही. पतपेढीच्या कागदावर आपल्याच विभागातील सोबत्याची सही असते. त्यास अंधारात ठेवून अर्ज करणे हा विश्वासघात होय; पहिली कबुली न्यायालयापुढे नव्हे, त्याच्यापुढे व्हावी.

आणि सरकारलाही एक प्रश्न. बुडत्या कंपन्यांसाठी २०१६ मध्ये नवी संहिता झाली. व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग २०१९ मध्ये अमलात आणला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता. पगारदारास शंभर वर्षांपूर्वीचाच दरवाजा, आणि तोही कुरकुरणारा! अब्रूचा उपदेश आम्हांसच का?

असो. पुढच्या बैठकीत कोणी कर्जाची गोष्ट काढली, तर निकाल देण्यापूर्वी कागद-पेन्सिल पुढे करावी आणि विचारावे : मुद्दल किती, व्याज किती गेले, जामीन कोण? आमच्या सहकाऱ्यांस हे तीन प्रश्न सात वर्षांत कोणी विचारले नव्हते. आम्हीही नाही.