झोपेच्या गोळीच्या कुळातलं रसायन एचआयव्हीला कसं रोखतं? आणि मिरकरवाड्याच्या खलाशांचा त्याच्याशी काय संबंध?

१ जूनला मासेमारीबंदी लागली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी किनाऱ्याला लागतात. नेपाळ, कर्नाटकातून आलेले खलाशी गावी निघतात, ते १ ऑगस्टच्या नव्या हंगामालाच परततात. स्थलांतरित कामगारांकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, वेगळं लक्ष देते. खलाशी म्हणजे एचआयव्ही, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ज्याचे उपचार सुरू आहेत, त्याची औषधं या ये-जा करण्यात तुटू शकतात. ते महागात का पडतं, हे समजायला थोडं रसायनशास्त्र लागतं.

बेन्झोडायझेपिन म्हणजे बेन्झिनच्या कड्याला जोडलेलं सात अणूंचं कडं, त्यात दोन नायट्रोजन. डायझेपाम, अल्प्राझोलाम याच कुळातली औषधं. ती मेंदूतल्या 'गाबा' रिसेप्टरवर काम करतात, म्हणून गुंगी येते. १९९० मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी याच सांगाड्यावरची 'टीआयबीओ' नावाची संयुगं एचआयव्हीला रोखतात, असं दाखवलं. त्याचा झोपेशी संबंध नाही. सांगाड्याला बाजूने काय जोडलंय, त्यावर रेणू शरीरात कुठे बसणार हे ठरतं. मूठ सारखी असली म्हणून दोन किल्ल्या एकाच कुलपाला लागत नाहीत.

एचआयव्ही 'रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज' या एन्झाइमने आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढतो. टीआयबीओ या एन्झाइमच्या कामाच्या जागेवर बसत नाही, शेजारच्या एका खळगीत बसतं. एन्झाइम आखडतं आणि काम थांबतं.

टीआयबीओ बाजारात आलंच नाही. त्याच खळगीत बसणारं, डायझेपिनचं कडं असलेलं नेव्हिरापिन मात्र १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने नेव्हिरापिनसह तीन औषधांचा उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या घरात होता. भारतात सरकारी मोफत उपचार २००४ मध्ये सुरू झाले.

मग गडबड कुठे?

त्या खळगीतलं एखादं अमिनो आम्ल बदललं तरी नेव्हिरापिन निकामी होऊ शकतं. शिवाय ते रक्तात रेंगाळतं. सोबतची औषधं लवकर उतरतात. सगळ्या गोळ्या एकदम थांबल्या की काही दिवस नेव्हिरापिन एकटंच उरतं, आणि विषाणूला नेमकी हीच संधी हवी असते. आता नॅकोच्या मुख्य उपचारात डोल्युटेग्राव्हिर आहे. ते वेगळ्या एन्झाइमवर काम करतं आणि विषाणूला सहज दाद देत नाही. तरी खाडे केलेले चालतात, असं नाही.

नेव्हिरापिन हद्दपार झालेलं नाही. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाला जन्मानंतर त्याचं सिरप दिलं जातं. इथेच कोकणासाठी महत्त्वाची गोष्ट येते. एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत. दुसरा, एचआयव्ही-२, मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, पण महाराष्ट्र आणि गोव्यातही आढळलेला. त्याच्या खळगीची घडणच वेगळी असल्याने नेव्हिरापिन त्यावर चालत नाही; अशा बाळाला झिडोव्हुडिन द्यावं लागतं. म्हणून गरोदर बाईच्या अहवालात नुसतं 'पॉझिटिव्ह' पुरेसं नाही, प्रकारही लिहिलेला हवा.

आणि खलाशांचं? तब्येत स्थिर असेल तर एआरटी केंद्रातून एकापेक्षा जास्त महिन्यांची औषधं मिळतात, दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात नोंदही हलवता येते. त्यासाठी बंदी लागण्याआधी, मे महिन्यातच केंद्रात सांगून ठेवावं लागतं.