बॅग वेगळी करा, माणूस नको

श्री. दीपिंदर गोयल,
संस्थापक, झोमॅटो



19 मार्च 2024 रोजी तुम्ही ‘प्युअर व्हेज फ्लीट’ जाहीर केलीत. फक्त शुद्ध शाकाहारी हॉटेलांतलं जेवण आणणारे वेगळे रायडर, त्यांच्या अंगात हिरवा टी-शर्ट, पाठीमागे हिरवी पेटी. दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घेतलात, ताफा मात्र ठेवलात. सगळे रायडर लालच कपडे घालतील, रस्त्यावर कोण कुठल्या ताफ्यातला ते कळणार नाही, ॲपवर मात्र ग्राहकाला ते दिसेल, असा तुमचा खुलासा होता. कपड्यांवरून उठलेला गदारोळ शमला आणि मूळ प्रश्न होता तिथेच राहिला. हे पत्र त्या उरलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी माझं सांगते. मी जन्मानं आणि सवयीनं शाकाहारी आहे, आमच्या घरात अंडंही येत नाही. माझ्या पार्सलवर कुणाच्या तरी मटणाचा रस्सा सांडला तर मला चालणार नाही, आणि तशी तक्रार करायचा मला हक्क आहे. तेव्हा शाकाहाऱ्यांना नावं ठेवायला मी बसलेले नाही.

तुमचं त्या वेळचं कारण असं होतं की कधी कधी पेटीत जेवण सांडतं आणि आधीच्या ऑर्डरचा वास पुढच्या ऑर्डरला लागतो. मान्य. पण हा दोष पेटीचा आहे. पेटी धुवा, आत कप्पा करा, झाकण घट्ट बसेल असं करा, शाकाहारी ऑर्डरसाठी दुसरी बॅग द्या. केकसाठीही वेगळा ताफा आणणार असं तुम्ही त्याच सुमारास सांगितलं होतंत. केक आणणाऱ्यानं घरी काय खाल्लं हे कुणी विचारणार नाही, कारण तिथे खरोखरच प्रश्न केक न हलण्याचा आहे. शाकाहारी ताफ्याचं तसं नाही. हॉटेलात एक जरी पदार्थ सामिष शिजत असेल तरी त्याची मसूर-उसळसुद्धा या यादीतून बाद. मग प्रश्न वासाचा कुठे उरला?

रायडरच्या खाण्यावरून, धर्मावरून आम्ही भेदभाव करत नाही आणि करणार नाही, हेही तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. ठीक आहे. म्हणजे या ताफ्यातला मुलगा रविवारी घरी मटण खात असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार 15 ते 49 वयाच्या भारतीय पुरुषांत सुमारे 83 टक्के जण कधी ना कधी मासे, चिकन किंवा मटण खातात. तुमचे रायडर बहुतांशी याच वयाचे पुरुष. तेव्हा शाकाहारी रायडरांचा ताफा उभा करायचा म्हटलं तरी जड जाईल. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. ॲपवर ‘व्हेज ओन्ली’ वाचून ज्याला बरं वाटतं त्या ग्राहकाला ठाऊक आहे का? त्याला वाटतं की आणणारा हातही ‘आपल्यातला’ आहे. तुम्ही त्याला हा समज विकता, आणि तो खोटा आहे असं त्याला सांगत नाही.

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. आदल्या दिवशी वलणीवर टाकलेलं लुगडं सकाळी काठीनं काढून नेसायची आणि जेवणं उरकेपर्यंत आम्हा पोरांना जवळ फिरकू द्यायची नाही. बाजारातून आलेल्या भाजीवर पाणी शिंपडल्याशिवाय ती आत जायची नाही. भाजी म्हणजे दुधी, पडवळ, माठ, सगळं निव्वळ शाकाहारी. तरी पाणी शिंपडायचं, कारण ती कुणाकुणाच्या हातून आली हा प्रश्न होता. या सोवळ्याची मला भलामण करायची नाही. त्यानं कुणाकुणाला दाराबाहेर ठेवलं ते मी पाहिलं आहे. पण आजी निदान थंडीत ओलेत्यानं कुडकुडायची ती स्वतः. आताच्या ग्राहकाला सोवळं हवं ते दुसऱ्याच्या अंगावर, अर्ध्या तासात, वर कुपनाची सूट लावून.

आमच्याकडचा इतिहास तुमच्या कामाचा आहे म्हणून सांगते. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा ठेवला. त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, पेटलं, प्रायश्चित्ताची प्रकरणं वर्षानुवर्षं चालली. चहात मांस नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी महाडला परिषदेसाठी जमलेले डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच दिवशी जमावानं परिषदेच्या मांडवात घुसून प्रतिनिधींना मारलं, त्यांचं जेवण मातीत मिसळलं. पुढे तळं ‘शुद्ध’ करायला शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या 108 घागरी त्यात ओतल्या. पाण्यात तरी कुठलं मांस होतं? तुम्ही हिरवा गणवेश मागे घेतलात ती तारीखही 20 मार्चच. तुम्ही ती ठरवून निवडली नसणार, पण महाराष्ट्रात ती तारीख वाचणाऱ्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही.

आजही प्रश्न अन्नाचा नसून ते आणणाऱ्या हाताचा आहे, हे मी हवेतलं बोलत नाही. जुलै 2019 मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकानं रायडर हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली. तेव्हा अन्नाला धर्म नसतो असं तुमच्या कंपनीनं ठणकावलं, आमच्या मूल्यांच्या आड येणारा धंदा गेला तरी खंत नाही असं तुम्ही स्वतः लिहिलंत. बरं वाटलं होतं वाचून. जून 2022 मध्ये लखनौत तुमच्या एका दलित रायडरनं पोलिसांत तक्रार दिली की नाव-जात कळल्यावर ग्राहकानं त्याच्या हातून जेवण घ्यायला नकार दिला, अंगावर थुंकला आणि त्याला मारहाण झाली. समोरच्यांनी जातीचा मुद्दा नाकारला, पण गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादेत स्विगीच्या एका ग्राहकानं सूचनांच्या रकान्यात मुस्लीम रायडर नको असं लिहिल्याचं रायडरांच्या संघटनेनं उघड केलं. आणि जून 2023 मध्ये, पर्यावरण दिनाला, तुमच्या कंपनीनं ‘लगान’ चित्रपटातल्या ‘कचरा’ नावाच्या दलित पात्राला जाहिरातीत आणलं, म्हणजे त्याचं टेबल केलं, दिवा केला, कुंडी केली. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगानं नोटीस काढली, जाहिरात मागे गेली. एवढ्या मोठ्या कचेरीत, एवढ्या हातांखालून गेलेल्या त्या जाहिरातीत कुणालाच काही खटकू नये, याचं मला आजही नवल वाटतं. तिथे बसलेल्यांत किती जण असे असतील ज्यांच्या आजोबांना अशा नावानं हाक मारली गेली?

ठाण्यात आमच्या भागातल्या एका टॉवरमध्ये लिफ्टशेजारी लॅमिनेट केलेला कागद चिकटवला आहे: डिलिव्हरी बॉय, घरकामाच्या बायका आणि पाळीव प्राणी यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. गेल्या पावसाळ्यात ती लिफ्ट बंद होती. रेनकोटमधून पाणी गळत असलेला एक मुलगा वॉचमनशी हुज्जत घालत उभा होता. एका हातात पार्सल, दुसऱ्या हातात फोन, फोनवर वेळ पळतेय. ग्राहक खाली यायला तयार नाही, वॉचमन वर सोडायला तयार नाही. ‘दादा, रेटिंग पडलं तर आयडी बंद होतो,’ एवढंच तो म्हणत होता. शेवटी जिन्यानं गेला. त्याची जात कुणी विचारली नाही. विचारायची गरजच काय, कागदानं सगळ्यांना एका रांगेत बसवलं होतं.

अशा दारांवर हिरवा आणि लाल असे दोन रंग गेले असते तर काय झालं असतं, हे तुम्हाला एका रात्रीत कळलं. लाल कपड्यातल्या मुलांना सोसायट्या अडवतील, काही ग्राहकांना घरमालकांचा त्रास होईल, असं तुम्हीच लिहिलंत. आपल्या शहरांत मासे तळले म्हणून भाडेकरूला घर सोडावं लागतं. 2023 मध्ये पवईच्या आयआयटीत मेसमधली सहा टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली आणि त्याविरुद्ध आंदोलन केलं म्हणून एका विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. तुम्हाला धोका नेमका दिसला होता. पण औषध काय काढलंत? रंग लपवला. भेद ॲपच्या आत नेऊन ठेवला.

मुंबईत शंभराहून अधिक वर्षं डबेवाले एकाच पाटीत जैनाचा, कोळ्याचा, मुसलमानाचा आणि बामणाचा डबा शेजारी शेजारी ठेवून लोकलमधून नेत आले आहेत. ही मंडळी बरीचशी मावळ-मुळशीकडची माळकरी वारकरी, स्वतः मांसाला न शिवणारी. डब्याचं झाकण घट्ट असलं की त्यांचं काम झालं. हा धंदाही जातीपासून मोकळा नाही, मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण पाटी वेगळी करा असं ग्राहकानं म्हणायचं आणि मुकादमानं मानायचं, हे तिथे घडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

ॲपवरच्या या ‘व्हेज मोड’साठी वेगळं शुल्क लावलं जातं हे जानेवारी 2025 मध्ये एका ग्राहकानं दाखवून दिलं, तेव्हा तुम्ही माफी मागून ते तातडीनं काढलंत. दोन रुपयांचा प्रश्न होता. तेवढ्याच तातडीनं पुढचं करा.

वेगळा ताफा बंद करा आणि वेगळी, धुतलेली, बंदिस्त बॅग द्या. तिचे पैसे रायडरच्या कमाईतून कापू नका. ॲपवर रायडरचं फक्त पहिलं नाव दाखवा, कारण आपल्या देशात आडनाव पुष्कळदा जातीचा दाखलाच असतं. रायडरचा धर्म किंवा जात पाहून ऑर्डर नाकारणाऱ्याचं खातं बंद होईल, पैसे परत मिळणार नाहीत, हे ऑर्डर देतानाच त्याला दिसू द्या. जातीवरून शिवीगाळ झाली तर रायडरला एका बटणावर तक्रार करता यावी, त्या दिवसाचा त्याचा इन्सेंटिव्ह बुडू नये, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा झाला तर कंपनीचा वकील त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जावा. कागदोपत्री तो तुमचा नोकर नाही, ‘पार्टनर’ आहे. मग पार्टनरसाठी एवढं करायला हरकत नसावी.

आणि हे सगळं समाजमाध्यमावर जाहीर करू नका. तिथलं तुमचं म्हणणं एका रात्रीत बदललेलं आम्ही पाहिलं आहे. ते कंपनीच्या अटी-शर्तींत लिहा, मराठीतही लिहा, म्हणजे रायडरला आणि ग्राहकाला दोघांनाही वाचता येईल.

आपली,
ठाण्यातली एक शाकाहारी ग्राहक