कासवाची खरी हॅचरी आपल्या बोटीवर आहे



कासवाचा विषय निघाला की आपल्या जेटीवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं म्हणजे, "कासव वाचवायला सगळे धावतात, मच्छीमाराला वाचवायला कोण येतो?" आणि दुसरं, "जाळ्यात कासव आलं तर गपचूप दर्यात टाका, कुठे बोलू नका." दोन्ही वाक्यांमागे कारण आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण या दोन्हींमुळे शेवटी नुकसान आपलंच होतंय, असं आमचं स्पष्ट मत झालं आहे. ते आज इथे मांडतो.

गेल्या मार्चमध्ये संस्थेच्या कामासाठी आम्ही चौघेजण रत्नागिरी जिल्ह्यात हर्णै बंदरावर गेलो होतो. काम आटोपल्यावर एक दिवस हातात होता, म्हणून मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन तिथली कासवाची हॅचरी बघितली. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आज मात्र तिथे माणसं येतात ती कासवाची पिल्लं बघायला.

हॅचरी म्हणजे मोठी इमारत वगैरे काही नाही. भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी वाळूला जाळीचं कुंपण घातलंय, बस्स. गावातली माणसं पहाटे किनारा फिरतात. मादी रात्री येऊन गेली असेल तर वाळूवर तिच्या पावलांचा माग दिसतो. त्या मागावरून घरटं शोधतात, अंडी अलगद काढतात आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरतात. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी. प्रत्येक खड्ड्याशी तारीख आणि अंड्यांचा आकडा लिहिलेला. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. वर टोपली पालथी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात आणि पिल्लं पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. उचलून पाण्यात टाकत नाहीत, वाळूवरून त्यांना स्वतःच चालत जाऊ देतात.

हे सगळं करायची पाळी का आली? कारण कोल्हे, कुत्रे, डुकरं अंडी उकरून खातात. आणि आधी माणसंही नेत होती, खायला आणि विकायला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, 2002 साली वेळासला हे काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच माणसांना या कामात घेतलं. किनारा ज्यांच्या पायाखालचा, माग ज्यांना ओळखता येतो, तीच माणसं राखणदार झाली. पुढे 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले, गावातल्या घरांतून राहण्या-जेवणाची सोय झाली आणि बायकांच्या हातात चार पैसे येऊ लागले. मग अंडी चोरीला जाऊ नयेत याची काळजी सगळ्या गावालाच वाटायला लागली.

आपल्या गोव्यातही मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे कासवं येतात. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत या चार किनाऱ्यांची नावं कासवांच्या विणीच्या जागा म्हणून घातलेली आहेत. त्याच अधिसूचनेत गोव्यातली मच्छीमार गावं सरकारने जाहीर करावीत, तिथे मासळी सुकवायला, जाळी विणायला, होड्या दुरुस्त करायला जागा असावी, असंही लिहिलंय. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याने कासव आणि मच्छीमार एकाच कागदावर ठेवले. प्रत्यक्षात मात्र किनाऱ्यावर दिवे, गाणी, खुर्च्या वाढल्या, आणि कासव आणि मच्छीमार दोघांनाही तिथून सरकावं लागलं. पिल्लू उजेडाकडे जातं. पूर्वी रात्री किनाऱ्यावर सगळ्यात जास्त उजेड दर्याकडे असायचा, आता तो हॉटेलाकडे असतो. त्यामुळे किनाऱ्याच्या बाबतीत बोट दाखवायचंच असेल तर ते आधी आपल्याकडे वळू नये.

पण दर्यातली गोष्ट वेगळी आहे, आणि तीच आम्हाला आज बोलायची आहे.

वेळासला आम्हाला सांगितलं, आणि कासवाचा अभ्यास करणारे सगळेच सांगतात, की साधारण हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं. बाकीची खेकडे, पक्षी, मासे यांच्या पोटात जातात. त्या एका मादीला अंडी घालायच्या वयाला यायलाच 10 वर्षांहून जास्त काळ लागतो. आता हिशोब करा. एका घरट्यातून शंभर पिल्लं धरली तर एक मादी तयार व्हायला दहा घरट्यांची मेहनत लागते. पहाटे उठून दहा घरटी शोधायची, पन्नास दिवस राखायची. आणि ती मादी एका ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मेली की ते सगळं पाण्यात.

कासव हवेत श्वास घेतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जाळं दोन-तीन तास ओढलं आणि आत कासव असेल तर ते बुडूनच मरतं. आणि कासवांचा अंडी घालायचा मोसम कुठला? आपल्या बाजूला साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे ऐन मासेमारीचा मोसम. जून-जुलैच्या बंदीचा कासवाला या बाबतीत काहीच उपयोग नाही. त्या महिन्यांत कासवाचा जीव कायद्याच्या हातात नसतो, तांडेल आणि खलाशांच्या हातात असतो. म्हणून आम्ही म्हणतो की खरी हॅचरी आपल्या बोटीवर आहे.

यावर कोणी म्हणेल, कासवासाठी आमचं पोट का मारायचं? आम्ही उलट म्हणतो, पोटासाठीच हे करायला हवं. दोन उदाहरणं देतो.

ओडिशात गहिरमाथा, देवी आणि ऋषिकुल्या नद्यांच्या मुखाशी कासवं लाखांनी येतात. तिथे 1 नोव्हेंबर ते 31 मे, म्हणजे सात महिने, किनाऱ्यापासून 20 किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. आपल्याकडे तेवढी कासवं येत नाहीत हे खरं. पण दर पावसाळ्यात जाळ्यात गुरफटलेली, मेलेली कासवं किनाऱ्याला लागत राहिली आणि फोटो फिरत राहिले, तर उद्या कोणीतरी तशीच बंदी मागेल. तेव्हा मोठा ट्रॉलर कुठेतरी निघून जाईल, अडकेल तो छोटा होडीवाला आणि रापणकार.

दुसरं उदाहरण कोळंबीचं. अमेरिकेने 2019 पासून आपल्या देशातली दर्यात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, कारण आपल्या ट्रॉलरवर कासव सुटण्याची सोय नाही. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ही अडचण नाही, फक्त आपल्या कोळंबीला आहे. एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं की भाव ठरवताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

ही सोय म्हणजे टेड. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या आधी तिरपी लोखंडी जाळी बसवतात. तिच्या दांड्यांमध्ये साधारण 4 इंचांची फट असते. कोळंबी आणि मासळी फटीतून मागे पिशवीत जाते, कासव दांड्यांना लागून वर किंवा खाली ठेवलेल्या तोंडातून बाहेर पडतं. कोचीच्या सीआयएफटी संस्थेने आपल्या बोटींसाठी अशी साधनं तयार केली आहेत. मोठी मासळी निसटेल ही भीती खरी आहे, ती आम्हालाही आहे. पण भीतीचा निकाल जेटीवर बसून लागत नाही. एका बोटीवर बांधून, महिनाभर वजन लिहून बघितल्यावरच लागतो.

आता सरकारच्या बाजूचं. मागच्या मोसमात आपल्या एका सभासदाने कासव सोडवण्यासाठी स्वतःचं जाळं कापलं. कासव गेलं, पण जाळ्याचे पैसे त्याने घरातून घातले. अशा माणसाला दुसऱ्यांदा जाळं काप म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? महाराष्ट्रात 2018 च्या डिसेंबरपासून योजना आहे. जाळ्यात आलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो किंवा व्हिडिओ दिला, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. शेजारच्या राज्यात जे होतं ते गोव्यातल्या मच्छीमारालाही साध्या अर्जावर, ठरलेल्या मुदतीत मिळालं पाहिजे. कासवाला हद्द नसते. 2023 साली गुहागरला उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी दक्षिणेकडे जाऊन श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. गोव्याचा दर्या अशा कासवांच्या वाटेवरच आहे. तिकडच्या मच्छीमाराने सोडलं तर भरपाई आणि इकडच्याने सोडलं तर नुसती शाबासकी, हे चालणार नाही.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही चार गोष्टी ठेवणार आहोत.

पहिली, एका ट्रॉलरवर टेड बांधून बघायचं. त्या महिन्यात मासळी कमी आली तर तूट संस्थेने सोसायची, एकट्या मालकाच्या डोक्यावर टाकायची नाही.

दुसरी, जुनी, फाटकी जाळी दर्यात टाकायची नाहीत. जेटीवर एक कोपरा ठरवून तिथेच जमा करायची. सोडून दिलेलं जाळं मासेमारी करतच राहतं, फक्त ती मासळी कोणाच्याच कामाची नसते.

तिसरी, कासव सोडल्याची नोंद संस्थेच्या वहीत करायची. तारीख, जागा, फोटो. उद्या भरपाई मागायला किंवा कोणी खोटा आरोप केला तर दाखवायला हीच वही उपयोगी पडेल.

चौथी, भरपाईची मागणी लेखी करायची, आणि बाकीच्या संस्थांनाही त्यावर सही करायला सांगायचं.

आणि सभेची वाट न बघता उद्यापासून करण्यासारखं एक काम. जाळ्यात आलेलं कासव हलत नसेल तर मेलं म्हणून लगेच पाण्यात टाकू नका. बऱ्याचदा ते बेशुद्ध असतं, आणि तसंच टाकलं तर बुडतं. पोटावर ठेवा, पाठ खाली करून उलटं नको. मागचा भाग वीतभर उंच राहील असं खाली काहीतरी द्या. सावलीत ठेवा, ओलं फडकं टाका, पण नाक मोकळं राहू द्या. चार तासांत शुद्धीवर येतं, कधी पूर्ण दिवसही लागतो. हालचाल करायला लागलं की इंजिन न्यूट्रलला ठेवून, जाळं पाण्यात नसताना हळूच सोडा.

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. त्याला हात लावून आपण आत जातो. दर्यातल्या कासवासाठी तेवढी दहा मिनिटं काढणं आपल्याला जड नाही. जड आहे ते एकट्याने नुकसान सोसणं, आणि ते एकट्यावर पडू नये म्हणूनच संस्था आहे.

टेड नको असं ज्यांचं मत आहे त्यांनी तर सभेला नक्की या. तुमची हरकत आम्हाला तिथे, सगळ्यांसमोर ऐकायची आहे.

आपला,
सचिव